फळ्याखालची जागा

स्टूल डुगडुगायचं, म्हणून अण्णा फळा लिहायला चढले की खालून कुणीतरी ते धरावं लागायचं. त्या सोमवारी सकाळी गयाबाईनं धरलं होतं. एक हात स्टुलाच्या पायाला आणि दुसऱ्या हातानं पोत्यावर टरबुजं लावणं चालू.

"डावीकडं लई वाकू नका अण्णा," ती म्हणाली.

"तू घट्ट धर म्हणजे झालं."

"धरलंय की. लिव्हा तुमी सावकाश."

मी शाळेच्या घाईत होते. परीक्षा सुरू झाल्या होत्या आणि पहिला पेपर मी शिकवते त्याच विषयाचा, विज्ञानाचा. अण्णांना डबा दिला, गयाबाईला "काय म्हणतेस" विचारलं आणि निघाले. फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वडिलांचा फळा मुलीनं रोज थोडाच वाचायचा असतो?

अण्णा आमच्या धारेगावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, बसस्टँडच्या रस्त्याकडे तोंड करून, सिमेंटचा मोठा काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी गावासाठी बातम्या लिहायच्या, हे काम अण्णांनी माझ्या जन्माच्या आधीपासून अंगावर घेतलेलं. अक्षर असं की बसमधून उतरणारा परगावचा माणूसही दोन मिनिटं थांबायचा. चहाच्या टपरीवर वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, "फळ्यावर आलंय का? नाही ना? मग सोड." एवढ्यावर वाद मिटायचा.

त्या फळ्याखाली कडुनिंबाची सावली पडायची. तिथं गयाबाई लिंबोरे बसायची. ही भोयांची बाई. उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी आटलं की तिचा नवरा काशिनाथ आणि ती नदीच्या वाळूत खड्डे घेऊन टरबुजाचे वेल लावायचे, आणि चैत्रापासून तिचं दुकान त्या सावलीत. नगरपालिकेच्या माणसानं एकदा तिला उठवायचा प्रयत्न केला, तेव्हा अण्णा बाहेर येऊन म्हणाले होते, "ती वाचनालयाच्या जागेत बसलीय, तुमच्या नाही." तेव्हापासून ती जागा तिचीच.

त्या वर्षी तिच्याकडे नेहमीपेक्षा जास्त माल होता, कारण सगळाच एकदम तोडावा लागला होता. धरणातून नदीत पाणी सोडणार अशी बातमी आठवडाभर आधी फळ्यावर आली होती. अण्णांनी ती लिहिली आणि खिडकीतून हाक मारून गयाबाईला सांगितलीही, "पाणी सुटतंय गं, वेल वाहून जातील. तोडून घ्या." नवराबायकोनं आणि दिरानं मिळून सगळी वाडी उपसली. कडुनिंबाखाली टरबुजांचा ढीग माझ्या छातीला लागेल एवढा झाला होता.

दुपारी शाळेतून परत येताना तो ढीग तेवढाच दिसला. गयाबाई पदरानं वारा घेत बसली होती. समोर कापून ठेवलेल्या फोडींवर माशा बसत होत्या आणि ती त्या हाकलत होती. मी वर पाहिलं.

फळ्याच्या मधोमध, लाल खडूनं चौकट आखून, अण्णांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'सावधान. टरबुजांना लाल रंगाची व गोडीची इंजेक्शने दिली जात असल्याचे उघड. लहान मुलांना विषबाधा. नागरिकांनी टरबूज खाणे टाळावे. जनहितार्थ.'

मी तडक आत गेले. अण्णा वर्तमानपत्रं लाकडी पट्टीत अडकवत होते.

"अण्णा, ही बातमी कुठल्या पेपरात आहे?"

"पेपरात येईल उद्या-परवा. मला आधीच आली." त्यांनी टेबलावरच्या मोबाइलकडे बोट केलं. मागच्या दिवाळीत माझ्या भावानं पुण्याहून पाठवलेला. मोतीबिंदूनं बारीक छपाई दिसेनाशी झाली होती, फोनवर अक्षरं हवी तेवढी मोठी करता यायची. शिवाय पेपर दहाच्या बसनं यायचे. फोनमुळे फळा सातलाच तयार व्हायला लागला होता. लोक कौतुक करायचे, अण्णा सुखावायचे.

"टरबुजाला सुईनं भोक पाडलं तर ते सडायला लागतं. आणि एका ठिकाणी घातलेला रंग सगळीकडे सारखा पसरेल कसा? मी सातवीच्या पोरांना शिकवते हे."

"वसुधा, चार जणांनी पाठवलंय. वेगवेगळ्या चार जणांनी. त्यात डॉक्टर कुलथे आहेत. डॉक्टर खोटं पाठवतील?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते दवाखान्यात होते, घाईत होते. "टरबुजाचं? हो, मला कापड दुकानवाल्या बजाजांकडून आलं, मी पुढे ढकललं. नीट वाचलं नाही हो. काळजी घेतलेली बरी, म्हणून."

बाकीच्या तिघांनाही विचारलं. दोघांना बजाजांकडूनच आलं होतं. तिसरा बजाजांचा भाचा. आणि बजाज म्हणाले, "आमच्या सोयऱ्यांच्या गटात आलं होतं. कुणी टाकलं, ते बघावं लागेल."

"चार जणांनी पाठवलं म्हणजे चार जणांनी पाहिलं असं होत नाही अण्णा. एकानं टाकलं, चौघांनी पुढे ढकललं. पाहिलं कुणीच नाही."

अण्णांनी आणखी एक पेपर पट्टीत अडकवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी फळा नवा होणारच आहे."

"आणि ती बाहेर बसलीय, तिचं काय?"

"मी तिचं नाव थोडंच लिहिलंय? तिचा माल नदीतला, हे गावाला ठाऊक आहे."

बाहेरून गयाबाईची हाक ऐकू येत होती, "घ्या, साखरेवानी टरबूज घ्या." मी तेव्हा असं धरून चालले की तिला सगळं माहीत आहे, आणि माहीत असूनही ती नेटानं हाका घालते आहे. अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट तिला माहीत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी फळा नवा झाला, पण लाल चौकट तशीच राहिली. सकाळी दोन-तीन मोठ्या माणसांनी अण्णांना सांगितलं होतं, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, एवढं राहू द्या. एकानं तर हात जोडून आभार मानले. अण्णांनी चौकट सोडून बाकीचा फळा पुसला आणि तिच्याभोवती बातम्या लिहिल्या.

वर्गात पेपर संपल्यावर मी मुलांना विचारलं, टरबूज कोण कोण खातं? एकही हात वर आला नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, त्यात विष असतं. फळ्यावर लिहिलंय." मी सुईचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, फळा तर तुमच्याच बाबांनी लिहिलाय ना?"

संध्याकाळी मी मुद्दाम गयाबाईकडे गेले. दोन मोठी टरबुजं घ्यायची, सगळ्यांच्या देखत घ्यायची, असं ठरवून. ती एकटीच होती. काशिनाथ घरी गेला होता. ढिगाच्या खालच्या बाजूची काही टरबुजं उन्हानं तडकली होती आणि त्यांना आंबूस वास सुटला होता. तिनं तेवढी बाजूला काढून ठेवली होती.

"बाई, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या हायेत. खरं सांगा. माझ्या अंगाला वास येतोय का?"

मला काही कळेना.

"न्हाई, सांगा तुमी. मला वाईट नाही वाटायचं. काल सकाळधरनं असं चाललंय. गिऱ्हाईक येतंय, हात फळाला लावतंय, मग माझ्या डोईच्या वर बघतंय, आन टरबूज खाली ठेवून जातंय. मला वाटलं मागं भिताडावर साप-बिप हाय. दोनदा उठून बघितलं. काहीच न्हाई, रोजची अक्षरं." तिनं पदर नाकाला लावून हुंगला. "मग वाटलं, मपल्यातच काही खोट हाय. काल रात्री शिकेकाई लावून न्हाले. आज धुतलेलं लुगडं नेसून आले. तरी तसंच."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. टपरीवर माणसं बसली होती. रस्त्यापलीकडे गोळ्या-बिस्किटांचं दुकान होतं. बसस्टँडवर गर्दी होती. दोन दिवस हे सगळे ते लाल अक्षर वाचत होते आणि त्याच्या खाली बसलेल्या बाईकडे पाहत होते. त्यांतल्या एकानंही तिला सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"गयाबाई, तुला वाचता येतं का?" हे मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मला कुठलं." तिनं मान वळवून वर पाहिलं. ती लाल चौकट बराच वेळ पाहत राहिली, जणू पाहत राहिलं तर उमगेल. "का वो? काय लिव्हलंय?"

"सांगते. आधी..."

"आधी काही नको. वाचा."

मी वाचलं. वर्गात धडा वाचते त्या आवाजात एकेक शब्द वाचला. 'जनहितार्थ' हा शब्द मी गाळणार होते, तोही वाचला. तो काय असतो, असं तिनं विचारलं. लोकांच्या भल्यासाठी, असं मी सांगितलं.

"कुणी लिव्हलं?"

त्या फळ्यावर दुसरं कुणी लिहीतच नसे.

"अण्णांनी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती नुसतं जुळवून बघत होती. "काल सकाळी मी स्टूल धरून उभी व्हते. वरून खडूचा भुगा पडला टरबुजावर. लाल. म्या फडक्यानं पुसला."

तेवढ्यात अण्णा वाचनालय बंद करायला बाहेर आले. हातात कुलूप होतं. आम्हा दोघींकडे पाहून त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते पायरीवरच थांबले.

"अण्णा, माझ्या फळात सुई कुणी पायली?" गयाबाईनं विचारलं.

"तुझ्या नाही गं. तुझं नाव नाही त्यात."

"गावात टरबूज घेऊन दुसरं कोण बसतंय?"

अण्णा हातातल्या कुलपाकडे बघायला लागले.

"पाणी सुटणार व्हतं तवा तुमी खिडकीतून हाक मारली. गये, तोडून घे म्हणले. म्या तोडलं. हे लिव्हताना का न्हाई हाक मारली? मी तं हितंच व्हते. तुमच्या पायाशी."

"मला वाटलं," अण्णा म्हणाले आणि अडखळले. "मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

टपरीवरची बडबड थांबली होती. सगळे ऐकत होते, आणि कुणीही आमच्याकडे पाहत नव्हतं. गयाबाईनं पोतं उचललं, झटकलं आणि ढिगावर टाकलं. मी टरबुजाचे पैसे पुढे केले, तर तिनं ते घेतले नाहीत.

"आज नको बाई," ती म्हणाली. "आज तुमी घेतलं तर ते मला देल्यावानी व्हतंय."

त्या संध्याकाळी घरी आम्ही दोघं समोरासमोर जेवलो. माझ्या मनात त्यांच्यासाठी राग होता. पण त्याहून जास्त होती ती लाज, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. ज्या माणसाची मुलगी म्हणून मी गावात मान वर करून चालले, त्याच्याबद्दल लाज वाटावी, याचीही लाज.

बुधवारी पहाटेच अण्णा गेले. मी शाळेत जाताना पाहिलं, लाल चौकट पुसलेली होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली, बारीक पांढऱ्या अक्षरात ओळ होती: 'टरबुजांसंबंधीचे वृत्त खात्रीलायक नसल्याचे समजते.'

गयाबाई आणि काशिनाथ दोघेही ढिगापाशी उभे होते. अण्णा स्टुलावरून नुकतेच उतरले होते. त्या दिवशी ते कुणी धरलं होतं, मला माहीत नाही. गयाबाईनं मला पाहिलं आणि नुसती मान वर केली. वाचा, असं.

मी वाचलं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे खोटं होतं, असं."

"मग खोटं व्हतं असं का न्हाई लिव्हलं?" तिनं अण्णांकडे पाहिलं नाही, मलाच विचारत राहिली. "आन हे समजतं कुणाला? समजतं म्हणणारा कोण हाय?"

मी विज्ञान शिकवते, पण मराठीचं व्याकरण मलाही येतं. त्या वाक्यात करणारा कुणी नव्हता. अण्णांनी तो काळजीपूर्वक वगळला होता.

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते रागावले नाहीत, रडले नाहीत. परीक्षेत नक्कल करताना पकडलेला पोरगा जसा बाकाकडे बघत राहतो, तसे ते स्टुलाकडे बघत राहिले. मग बादलीतलं ओलं फडकं घेऊन ते पुन्हा चढले. स्टूल डुगडुगलं. मी पुढे होणार, तेवढ्यात काशिनाथनं पाय लावून ते थांबवलं. अण्णांनी सगळा फळा पुसला, दिल्लीच्या आणि मुंबईच्या बातम्यांसकट, आणि मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं:

'मी सोमवारी लिहिलेली टरबुजाची बातमी खोटी होती. मी खात्री केली नव्हती. पां. ग. हरसूलकर.'

उतरून ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तेच मोठ्यानं वाचलं. वाचनालयात आयुष्य गेलेला माणूस, मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. आवाज चिरका लागला. बसस्टँडवरचे लोक वळून पाहू लागले. त्यांनी पुन्हा वाचलं. एक जण हसला. टपरीवाला म्हणाला, "जाऊ द्या अण्णा, होतं असं." दुसरा कुणी म्हणाला, "सावध राहिलेलं काय वाईट? आग असल्याशिवाय कुणी बोलतं का?"

ती टरबुजं तरीही खपली नाहीत, हे सांगायला हवं. बुधवारी थोडी गेली, गुरुवारच्या बाजारात आणखी थोडी. डॉक्टर कुलथ्यांनी दोन नेली, मान खाली घालून. पण बाया लांबूनच विचारायच्या, "ह्येच का ते?" आणि पुढे जायच्या. खोटी बातमी एका सकाळीत गावभर गेली होती, खरी बातमी स्टँडच्या पलीकडेही पोचली नाही. शनिवारी काशिनाथनं बैलगाडी आणली. उरलेला ढीग भरून त्यांनी गवळीवाड्यात नेला आणि म्हशींपुढे फोडला. अण्णा खिडकीशी उभे राहून गाडी भरताना बघत होते. मी त्यांना म्हटलं, बाहेर जाऊन हात तरी लावा. ते म्हणाले, "तिनं लावू दिला असता, तर मी इथं उभा राहिलो असतो का?"

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली, वेल लागले, आणि चैत्रात गयाबाई परत आली. पण कडुनिंबाखाली नाही. रस्त्याच्या पलीकडे, बिस्किटाच्या दुकानाच्या बाजूला, तिनं चार काठ्यांवर फाटकं लुगडं बांधलं आणि त्याखाली पोतं टाकलं. दुपारी तिथं निम्मी सावलीही नसायची. फळ्याखालची जागा मोकळी. तिथं दुसरं कुणी बसायला आलं, की अण्णा त्याला नाही म्हणायचे.

पहिल्या दिवशी ते फळा लिहून झाल्यावर बराच वेळ खडू हातात घेऊन उभे होते. मग त्यांनी रस्ता ओलांडला. मी कोपऱ्यावर रिक्षाची वाट पाहत होते, त्यामुळे ऐकू आलं.

"गयाबाई, आज काय लिहिलंय ते सांगतो."

ती पाठ करून टरबुजं लावत होती. वळली नाही. नको असंही म्हणाली नाही. अण्णांनी एकेक बातमी सांगितली. शेवटची ऐकून ती पाठमोरीच म्हणाली, "हे कुणी पायलं?"

"काय?"

"हेच, दुधात पावडर घालतेत ते. कोणत्या गावात? कुणी पायलं?"

अण्णांनी एक बस जाऊ दिली. मग ते रस्ता ओलांडून परत आले, फडकं भिजवलं, आणि ती ओळ पुसली. नवीन काही तिथं लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत फळ्यावर तेवढी जागा कोरी होती, आणि येणारेजाणारे थांबून विचारत होते, अण्णा, आज इथं काय राहिलं?

ते गेले त्या वर्षापर्यंत दर उन्हाळ्यात रोज सकाळी तो रस्ता ओलांडत राहिले. गयाबाईनं त्यांना कधी बसा म्हटलं नाही.